उज्जयिनीची रेखा आणि कोर्दोबा नगरी

स्पेनच्या दक्षिण भागात ग्वादल्किवीर नदीच्या काठी कोर्दोबा नावाचे प्राचीन नगर आहे. रोमन अमदानीत ते बेटिका प्रांताची राजधानी होते. तत्त्वज्ञ सेनेका याचा जन्म येथलाच. इ. स. ७११ नंतर येथे मुसलमानी अंमल बसला आणि ९२९ मध्ये तिसऱ्या अब्दुर रहमानाने स्वतःस खलीफा म्हणवून घेतले. त्या शतकात पश्चिम युरोपात या नगरीच्या तोडीचे दुसरे शहर नव्हते. आज तेथे जाणारा प्रवासी सुप्रसिद्ध मशीद पाहून परततो. ते योग्यच, परंतु आपला, विशेषतः माळव्यातील वाचकांचा, या नगरीशी एक जुना ऋणानुबंध आहे, तो आधी सांगणे अगत्याचे वाटते.

आठव्या शतकाच्या उत्तरार्धात बगदादच्या दरबारी भारतातून एक ज्योतिषी सिद्धान्तग्रंथ घेऊन गेला. ब्रह्मगुप्ताच्या परंपरेतील त्या ग्रंथाचे अरबी रूपांतर झाले आणि ‘सिद्धान्त’ या शब्दाचा ‘सिंदहिंद’ झाला. त्याच्या आधारे अल्-ख्वारिज्मी याने ग्रहगणिताची कोष्टके रचली. त्यांतील मध्यरेषा कोणती? लंकेपासून उज्जयिनीवरून मेरूपर्यंत आपल्या ज्योतिषांनी कल्पिलेली तीच! पुढे इ. स. १००० च्या सुमारास कोर्दोबाचा गणिती मस्लमा याने ती कोष्टके आपल्या नगरीच्या रेखेवर आणि हिजरी शकावर बसवून घेतली. मूळ अरबी ग्रंथ कालौघात नाहीसा झाला. मस्लमाच्या या संस्करणाचे बाथ येथील अडेलार्ड याने ११२६ मध्ये केलेले लॅटिन भाषांतर मात्र टिकले. उज्जयिनीचे नाव अरबी लिपीत ‘उझैन’ झाले होते. एक नुक्ता गळाला आणि युरोपीय पोथ्यांत त्याचे ‘अरीन’ झाले. हे अरीन म्हणजे पृथ्वीच्या मध्यावरील बेट, अशी समजूत कोलंबसाच्या काळापर्यंत चालली. याच कोलंबसाने हिंदुस्थानच्या जलमार्गाची आपली योजना १४८६ मध्ये राणी इसाबेलापुढे मांडली, तीही कोर्दोबा येथेच.

विद्येचे हे वैभव फार काळ निर्वेध राहिले नाही. दुसऱ्या हकमच्या ग्रंथालयात चार लक्ष ग्रंथ होते असे जुने इतिहासकार सांगतात. आकडा फुगलेला असावा, पण संग्रह थोर होता यात संशय नाही. त्याच्यामागून सत्ता बळकावणाऱ्या अल्-मन्सूर वजिराने कर्मठांची मर्जी राखण्यासाठी त्यांतील ज्योतिष व तत्त्वज्ञानाची पुस्तके जाळविली. याच वजिराने ९९७ मध्ये सांतियागोचे क्षेत्र लुटून तेथील घंटा ख्रिस्ती बंद्यांच्या खांद्यांवरून कोर्दोबास आणल्या व मशिदीत त्यांचे दिवे केले. १२३६ मध्ये राजा तिसऱ्या फर्नांदोने नगर जिंकले, तेव्हा त्याच घंटा मुसलमान बंद्यांच्या खांद्यांवरून परत गेल्या. खांदे बदलले, ओझे तेच राहिले.

ती मशीद पहिल्या अब्दुर रहमानाने ७८५ च्या सुमारास, पूर्वीच्या ख्रिस्ती देवस्थानाच्या जागी आरंभिली. पुढील दोनशे वर्षांत ती वाढत गेली. आत शिरताच आठशेंहून अधिक स्तंभांचे अरण्य दृष्टीस पडते. त्यांवर दगड-विटांच्या तांबड्यापांढऱ्या दुहेरी कमानी. कित्येक स्तंभ जुन्या रोमन व ख्रिस्ती वास्तूंतून आणलेले असल्याने त्यांची उंची सारखी भरत नव्हती. ती उणीव भरून काढण्यासाठी योजलेली दुहेरी कमानच पुढे या वास्तूचे भूषण ठरली.

१२३६ नंतर तेथे ख्रिस्ती उपासना सुरू झाली. तरी तीनशे वर्षे मूळ बांधणी बव्हंशी शाबूत होती. १५२३ मध्ये बिशपाने मधला भाग पाडून तेथे कॅथीड्रल उभारण्याचे योजिले, तेव्हा नगरसभेने विरोध केला. या पाडकामास हात लावणाऱ्या कारागिरास देहदंड होईल, असे फर्मान काढले. सभासद सारे ख्रिस्ती, आणि तरीही परधर्मीयांच्या हातची वास्तू वाचावी म्हणून ते आपल्या धर्मगुरूशी भांडले! बादशहा पाचव्या कार्लोसने बिशपाच्या बाजूने कौल दिला आणि पुढे स्वतः ते काम पाहून, जगात कोठेही आढळणार नाही ते मोडून सर्वत्र आढळते ते तुम्ही उभारले, अशा अर्थाचे उद्गार काढले, असे सांगतात. याच शतकात गोमंतकात कुशस्थळीहून श्रीमंगेश आणि केळशीहून श्रीशांतादुर्गा यांना भाविकांनी नदीपलीकडे नेले. आपल्याकडे देव वाचले, देवळे गेली. कोर्दोबात वास्तू उरली, उपासना बदलली. तेथला वाद अद्याप शमलेला नाही. २००६ मध्ये धर्मप्रांताने अवघ्या तीस युरोंत ही वास्तू आपल्या नावे नोंदवून घेतली, तेव्हापासून तिचा धनी कोण यावर स्पेनमध्ये पुष्कळ शाई सांडली आहे.

जावयाचे तर मे महिन्यात जावे. तेव्हा चुन्याने पांढऱ्याशुभ्र केलेल्या घरांची चौक-अंगणे फुलांच्या कुंड्यांनी भिंतभर सजवून परक्यांसाठी खुली ठेवतात. १९२१ पासून त्यांची स्पर्धा भरते, आणि २०१२ मध्ये युनेस्कोने या उत्सवास मानवजातीचा सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली. मध्ये विहीर, सभोवार खोल्या. आपल्या राजांगणाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. उंचावरच्या कुंड्यांना पाणी घालण्यासाठी लांब वेताच्या टोकाला डबा बांधतात.

शाकाहारी मनुष्याची तेथे थोडी पंचाईत होते. ‘साल्मोरेहो’ म्हणजे पाव, टोमॅटो, लसूण व ऑलिव्हचे तेल घोटून केलेले थंड सार. त्यावर अंडे व डुकराचे मांस पसरतात, ते आधीच नको म्हणून सांगावे. पण वांग्याचे तळलेले काप उसाच्या काकवीसह वाढतात, ते निःशंक खावे. वांगे, ऊस, नारिंग ही सारी पूर्वेकडून अरबांनी तेथे नेली. स्पॅनिश ‘नारांखा’ म्हणजे आपले नारंग आणि ‘आसुकार’ म्हणजे शर्करा. मशिदीच्या अंगणातही नारिंगांचीच झाडे ओळीने उभी आहेत.