गाडी पिकअप देत नाही, मिसिंग करते? फोनवरून दोष कसा शोधायचा

दहा-बारा वर्षांची पेट्रोल गाडी घाटात धापा टाकायला लागली, सिग्नलवर थरथरायला लागली, की गॅरेजमध्ये ठरलेलं उत्तर मिळतं: "प्लग बदलू, इंजेक्टर साफ करू, मग बघू." प्रत्येक "बघू"चं वेगळं बिल येतं. मी म्हणेन, पार्ट बदलायच्या आधी दोष कोणत्या सिलिंडरमध्ये आहे ते शोधा. निम्मं काम फोनवर होतं.

त्यासाठी ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर लागतो. 'ईएलएम३२७' या नावाने ऑनलाइन मिळतो. स्टिअरिंगखालच्या पोर्टमध्ये तो लावायचा आणि टॉर्क किंवा कार स्कॅनरसारखं ॲप उघडायचं. २०१३ नंतरच्या बीएस-४ गाड्यांना तो सहसा जोडतो, त्याआधीच्या काहींना नाही. आयफोन असेल तर वाय-फाय किंवा ब्लूटूथ एलईवालाच घ्या, साधा ब्लूटूथ स्कॅनर आयफोनला चालत नाही.

आता कोड वाचा. पी०३०१ ते पी०३०४ म्हणजे अनुक्रमे पहिल्या ते चौथ्या सिलिंडरमध्ये मिसफायर. पी०३०० म्हणजे मिसफायर आहे, पण एका जागी नाही. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: कोड कुठे दुखतंय ते सांगतो, का दुखतंय ते नाही. 'पी०३०२ आला, इंजेक्टर बदला' असं कोणी म्हणालं तर पाकीट खिशातच ठेवा.

माझ्या चार सिलिंडरच्या गाडीत पी०३०२च होता. प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असेल तर याची तपासणी फुकटात होते. इंजिन बंद करून थंड होऊ द्या. दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर लावा, कोड पुसा, पाच-दहा किलोमीटर चालवून पुन्हा वाचा. माझा कोड पी०३०३ झाला. म्हणजे दोष कॉइलसोबत सरकला, कॉइलच गेली होती. कोड जागेवर राहिला असता तर हाच खेळ प्लगवर केला असता. तरीही हलला नाही, तर मग इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशनकडे जायचं. आणखी जुन्या गाड्यांत दोन सिलिंडरना मिळून एक कॉइल असते, बहुधा १-४ आणि २-३ अशी जोडी. तिथे पी०३०१ आणि पी०३०४ एकत्र आले तर आधी त्या कॉइलवर संशय घ्या. चालू इंजिनवर प्लगची वायर हाताने ओढून बघायची जुनी पद्धत मात्र सोडा. तिथे हजारो व्होल्ट असतात.

चेक इंजिनचा दिवा नुसता पेटलेला नसून लुकलुकत असेल तर गाडी रेटू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं आणि आतली जाळी वितळू शकते. मग कॉइलच्या कित्येक पट खर्च अंगावर येतो.

पी०१७१ आला तर मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. ॲपमध्ये 'फ्युएल ट्रिम' बघा, ±१० टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. आयडलला +२० आणि २५०० आरपीएमला जवळपास शून्य, म्हणजे बहुधा कुठलातरी रबरी पाइप फाटून हवा आत शिरतेय. उलट, जोर लावल्यावर आकडा चढत असेल तर पेट्रोलच पुरत नाहीये: फिल्टर किंवा पंप. (एमएपी सेन्सरच्या गाड्यांत पहिला नियम तितका लागू पडत नाही, तिथे बऱ्याचदा आयडलच वाढलेला दिसतो.)

इंजिन अगदी गुळगुळीत चालतंय, तरी ओढत नाही? मग मिसफायरच्या मागे लागू नका. आरपीएम आणि जीपीएसचा वेग एकाच ग्राफवर लावा. चौथ्या गिअरमध्ये चढावर दोन्ही रेषा सोबत चढायला हव्यात. आरपीएम उडी मारतो आणि वेग तिथेच, तर क्लच घसरतोय, इंजिन निर्दोष आहे. दोन्ही रेषा सोबत आहेत पण वर आरपीएम चढतच नाही, तर एअर फिल्टर आणि कन्व्हर्टर तुंबलाय का ते बघा. फोन शेजारी बसलेल्याच्या हातात द्या, चालवणाऱ्याने स्क्रीनकडे बघायचं नाही.

सीएनजीवर मिसिंग आणि पेट्रोलवर ठीक, हेही नेहमीचं. सीएनजी पेटवायला जास्त जोरदार ठिणगी लागते, त्यामुळे थकलेले प्लग-कॉइल आधी तिथे उघडे पडतात. किटची ट्यूनिंग नंतर.

एवढं करूनही एकच सिलिंडर रुसला असेल तर गॅरेजमध्ये कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या, आणि चारही आकडे लिहून मागा. एक आकडा बाकीच्यांपेक्षा १५ टक्क्यांहून जास्त खाली असेल तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजायला सांगा. आकडा वाढला तर रिंग झिजल्यात. नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. व्हॉल्व्हचं क्लिअरन्स जुळवून भागलं तर थोडक्यात सुटलात. रिंगसाठी इंजिन खोलायची वेळ आली, तर आधी तसल्याच गाडीचा सेकंड-हँड भाव फोनवर बघून घ्या.