घोटा मुरगळला : घरी थांबायचे की एक्स-रे काढायचा?

धुऱ्यावरून चालताना ढेकळावर पाय पडतो, पाऊल आत वळते आणि क्षणात घोटा सुजतो. वऱ्हाडातली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात घसरडी होते. त्यामुळे अमरावती-अकोल्याच्या शेतशिवारात पाय मुरगळणे ही रोजचीच गोष्ट. श्रावणाच्या शेवटच्या सोमवारी पूर्णा नदीचे पाणी गांधीग्रामहून अकोल्याच्या राजराजेश्वराला नेणारे कावडधारी भार खांद्यावर घेऊन अनवाणी चालतात. त्यांच्याही घोट्यांवर मोठा ताण येतो. कबड्डीत तर चढाई करणाऱ्याचा घोटा पकडणे हा बचावाचा हुकमी डावच आहे. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी हा खेळ तिथे दाखवला होता.

दुखापत साधी वाटते, म्हणून बहुतेक जण पाय चोळून घेतात आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागतात. पण मुरगळणे आणि हाड मोडणे, दोन्हींत सूज सारखीच दिसू शकते. फरक ओळखला नाही, तर काही आठवड्यांत भरणारी दुखापत अनेक महिने छळते.

मुरगळते म्हणजे नेमके काय होते?

नडगीचे जाड हाड, त्याच्या बाहेरचे बारीक हाड आणि खाली पावलाचे हाड, अशी तीन हाडे घोट्यात एकत्र येतात. त्यांना लिगामेंट म्हणजे चिवट पट्टे बांधून ठेवतात. आतल्या बाजूचा पट्टा रुंद आणि भक्कम असतो, बाहेरचे तीन पट्टे तुलनेने नाजूक. पाऊल आत वळले की बाहेरचे पट्टे ताणले जातात किंवा फाटतात. म्हणूनच दुखणे बहुतेक वेळा घोट्याच्या बाहेरच्या बाजूला असते.

एक्स-रे कधी काढावा?

कॅनडातील ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये यासाठी सोपे नियम मांडले. आज ते जगभर वापरले जातात. पुढीलपैकी एकही गोष्ट असेल, तर एक्स-रे काढावा :

- दुखापतीनंतर लगेच आणि तपासणीच्या वेळीही, लंगडतसुद्धा चार पावले टाकता येत नाहीत.
- घोट्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या हाडाच्या टोकावर, किंवा टोकापासून वर सुमारे ६ सेंटिमीटरपर्यंत मागच्या कडेवर, बोटाने दाबल्यास दुखते.
- पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर असलेल्या हाडाच्या उंचवट्यावर, किंवा आतल्या बाजूला घोट्याच्या पुढच्या हाडावर दाबल्यास दुखते.

लहान मुले, दारूच्या अमलाखालील व्यक्ती आणि मधुमेहामुळे पाय बधिर झालेले रुग्ण यांच्याबाबत या नियमांवर विसंबू नये. त्यांना डॉक्टरांकडेच न्यावे.

पाय वाकडा दिसणे, हाड बाहेर येणे, बोटे थंड, निळसर किंवा बधिर पडणे ही तातडीची लक्षणे आहेत. अशा वेळी पाय आहे त्या स्थितीत पट्टी किंवा पुठ्ठ्याचा आधार देऊन बांधावा आणि थेट रुग्णालय गाठावे. अकोल्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे सर्वोपचार रुग्णालय आहे, अमरावतीत इर्विन नावाने ओळखले जाणारे जिल्हा सामान्य रुग्णालय.

पहिले दोन-तीन दिवस

पायावर भार कमी ठेवावा. बर्फ फडक्यात गुंडाळून १५ ते २० मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा लावावा. बर्फ थेट कातडीवर ठेवू नये. इलॅस्टिक पट्टी बोटांपासून वरच्या दिशेने बांधावी, पण बोटे सुन्न पडतील इतकी घट्ट नको. झोपताना पायाखाली उशी घेऊन पाय छातीच्या वर ठेवावा.

या काळात चोळणे, गरम शेक आणि पाय ओढून 'बसवणे' टाळावे. ताज्या दुखापतीत त्याने सूज वाढते, आणि हाड मोडले असेल तर ते सरकू शकते. आंबेहळदीचा लेप वरवर लावला तर सहसा हानी नाही, पण त्याने फाटलेला पट्टा लवकर जुळत नाही. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल पुरते. किडनीचा विकार, अल्सर, रक्तदाब किंवा गर्भारपण असेल, तर इतर वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

खरी चूक इथे होते

सूज उतरली की घोटा बरा झाला, असे समजले जाते. पण लिगामेंटबरोबर घोट्याची तोल सांभाळण्याची जाणीवही दुखावलेली असते. ती परत मिळवली नाही, तर तोच पाय पुन्हा पुन्हा मुरगळतो. त्यासाठी खर्चाची गरज नाही :

- दुखणे सोसेल तसे, पायाच्या अंगठ्याने हवेत 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत अक्षरे काढावीत.
- उभे राहता आले की भिंतीला धरून टाचा वर-खाली कराव्यात.
- नंतर भिंतीजवळ एका पायावर ३० सेकंद उभे राहण्याचा सराव करावा.

साधी मुरगळ साधारण एक ते तीन आठवड्यांत भरते, पट्टा पूर्ण फाटला असेल तर तीन महिनेही लागतात. आठवडाभरात काहीच फरक नसेल, तर पुन्हा तपासून घ्यावे.

न मुरगळताच दुखत असेल तर?

ताप येऊन दोन्ही घोटे दुखू लागले, तर चिकुनगुनियाची शक्यता तपासावी. रात्रीत एकच सांधा लाल होऊन प्रचंड दुखू लागला, तर युरिक ॲसिडमुळे होणारा गाऊट असू शकतो. मात्र लाल, गरम सांध्यासोबत ताप असेल, तर सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. आणि मधुमेही व्यक्तीचा पाय गरम होऊन सुजला, पण फारसा दुखत नसेल, तर तो दिलासा नव्हे. बधिर पायात हाडे आतल्या आत खचत असतील, तरी वेदना होत नाही. अशा पायावर भार देणे लगेच थांबवून दवाखाना गाठावा.