'टिच' म्हणजे कोण?

ब्रिटनमध्ये ठेंगण्या माणसाला चेष्टेने 'टिच' म्हणतात आणि इवल्याशा वस्तूला 'टिची'. आपला 'टिल्लू' असतो ना, तसाच हा प्रकार. पण मंडळी, या शब्दाचं मूळ शोधत गेलं की उभा राहतो तो दीडशे किलोंच्या घरातला एक अगडबंब गृहस्थ!

त्याचं असं झालं. इंग्लंडमधल्या टिचबोर्न या जमीनदार घराण्याचा वारस रॉजर १८५४ मध्ये दक्षिण अमेरिकेजवळ जहाजासह बेपत्ता झाला. तो गेला हे आईला पटेना. तिने वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या. १८६६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वॉगा वॉगा गावचा एक खाटीक 'मीच रॉजर' म्हणून पुढे आला. खरा रॉजर सडपातळ, पॅरिसमध्ये वाढलेला; हा लठ्ठ आणि याला फ्रेंचचा गंध नाही! तरी आईने त्याला पोटाशी धरलं. आईच ती. पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या आणि १८७४ मध्ये तोतया ठरून त्याला १४ वर्षांची सजा झाली. ही प्रकरणं चालू असताना सारा देश दुसरं काही बोलत नव्हता.

१८६७ मध्ये केंट परगण्यातल्या कडम गावी एका गुत्तेवाल्याच्या घरी हॅरी रेल्फ जन्मला. सोळा भावंडांतला धाकटा. बाळ गुबगुबीत, म्हणून लोकांनी त्या जाड्या टिचबोर्नवरून त्याचं नाव पाडलं 'टिच'. दहाव्या वर्षी हॅरीची उंची साडेचार फूट झाली आणि तिथेच थांबली. हातांना सहा-सहा बोटं. त्याचा संकोच त्याला जन्मभर पुरला.

पण हाच हॅरी 'लिटल टिच' म्हणून रंगभूमीवर गाजला. २८ इंच लांबीचे बूट घालून तो नाचायचा, पुढे इतका वाके की नाक जमिनीला टेकेल असं वाटावं, आणि मग त्या बुटांच्या टोकांवर ताठ उभा राहायचा! पॅरिस त्याच्यावर फिदा होतं. १९०० मध्ये तिथे चित्रित झालेला तो नाच आजही बघायला मिळतो. १९२८ मध्ये तो गेला. तोवर लोकांच्या तोंडी 'टिच' म्हणजे बुटका हा अर्थ रुळू लागला होता.

म्हणजे गंमत बघा, नाव पडलं जाडेपणावरून आणि अर्थ उरला ठेंगणेपणाचा! पण मला यात गमतीपेक्षा चुटपूट जास्त वाटते. आयुष्यभर वर्गांवर शिकवताना पाहिलंय, टोपणनाव ठेवणारा दुसऱ्या दिवशी विसरतो, ज्याला ठेवलं तो ते घेऊन म्हातारा होतो. हॅरीने चिडवायच्या नावाचं सोनं केलं. ती कला, ती मेहनत शब्दकोशात कुठून येणार? तिथे राहिली फक्त त्याची उंची.

आज लंडनमध्ये एखादं पोर दुसऱ्याला 'टिच' म्हणून चिडवत असेल, तर साडेचार फुटांचा तो माणूस केवढा मोठा होता, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं.