सोन्याच्या शोधात सापडला अशोक

१/ सोन्याच्या खाणींची गावे म्हटली की १८४९ चे कॅलिफोर्निया आठवते. परंतु छत्रपती संभाजीनगर, म्हणजे तेव्हाचे औरंगाबाद, ज्या निजामी राज्यात होते, त्याच राज्यातील रायचूर जिल्ह्यात हट्टी हे सोन्याच्या खाणीचे गाव होते. #इतिहास

२/ येथील खाणकाम ब्रिटिशांच्याही फार पूर्वीचे. आधुनिक खाणकामात सहाशे फुटांपर्यंत उतरलेली प्राचीन विवरे आढळली. आतील लाकूड सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे ठरले. त्या काळी कठीण खडक आगीने तापवीत आणि पाणी ओतून तडकवीत.

३/ १९१५ मध्ये निजाम सरकारच्या सेवेतील खाण अभियंता सी. बीडन यांना याच परिसरातील मस्की येथे एक ब्राह्मी शिलालेख आढळला.

४/ प्रिन्सेपने १८३७ मध्ये ब्राह्मी लिपी उलगडली. लेखांतील ‘देवानंप्रिय प्रियदर्शी’ राजा म्हणजेच अशोक, हे मात्र सिंहली बौद्ध ग्रंथांच्या आधारे ठरले होते. मस्कीच्या खडकावर ‘अशोक’ हे नावच कोरलेले निघाले. अनुमानाला दगडाची साक्ष मिळाली.

५/ हट्टीची खाण १९२० मध्ये बंद पडली, पुढे पुन्हा सुरू झाली आणि आजही चालू आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत रायचूर म्हैसूर राज्यात गेले, मराठवाडा मुंबई राज्यात आला. सीमा बदलली आणि हा सामायिक वारसा मराठवाड्याच्या इतिहासलेखनातून जवळजवळ गळून पडला. मस्कीचा शोध लागला तेव्हा मात्र मस्की आणि औरंगाबाद एकाच राज्यात होते.