बसालेलाचा वारसा आणि कलेची पदवी

आपल्या समाजातील एखाद्या मुलाने वा मुलीने चित्रकला व छायाचित्रण यांत पदवी घेण्याची इच्छा दर्शविली, की घरातील वडीलधारी मंडळी चिंतातुर होतात. कला हा फावल्या वेळचा छंद. त्यासाठी विद्यापीठाची चार वर्षे कशाला खर्चावी, असे विचारले जाते. या प्रश्नाचा विचार करताना यरुशलेमच्या एका संस्थेचा इतिहास ध्यानात घेण्यासारखा आहे.

निवासमंडपाचे काम परमेश्वराने बसालेल बिन उरी याजकडे सोपविले व त्याकरिता त्यास बुद्धी आणि कौशल्य दिले, हे निर्गमाच्या ३१ व्या अध्यायात आपण वाचतो. त्याचेच नाव देऊन शिल्पकार बोरिस शात्स यांनी १९०६ साली यरुशलेम येथे ‘बेझालेल’ ही कलाशाळा स्थापिली. तेथे चित्रकलेबरोबर गालिचे विणणे व चांदीचे तारकामही शिकविले जाई; शिकणाऱ्याच्या उदरनिर्वाहाचाही विचार त्यामागे होता. १९१० साली याकोव्ह बेन-डोव्ह यांनी तेथे छायाचित्रणाचा विभाग सुरू केला. १९१७ साली जनरल ॲलनबी यांचा यरुशलेमप्रवेश चलच्चित्रात टिपणारे ते हेच.

पुढील वाट बिकट होती. द्रव्याभावी १९२९ साली शाळा बंद पडली. निधी जमविण्यासाठी अमेरिकेत फिरत असतानाच १९३२ साली शात्स निवर्तले. १९३५ साली जर्मनीतून आलेल्या निर्वासित कलावंतांच्या साहाय्याने ती पुन्हा उघडली. उच्च शिक्षण संस्था म्हणून तिला मान्यता मिळाली ती १९७५ साली, म्हणजे स्थापनेनंतर ६९ वर्षांनी. आज तेथे चित्रकलेप्रमाणे छायाचित्रणातही पदवी मिळते. इतक्या कष्टाने मिळविलेल्या प्रतिष्ठेस आपण छंद म्हणावे काय?

अशा शिक्षणाचा समाजाला उपयोग काय, याचे उत्तर आपल्यातच आहे. मुंबईत जन्मलेल्या बेने इस्राएल चित्रकर्त्री सियोना बेंजामिन यांनी सर ज. जी. कलाशाळेत व पुढे अमेरिकेतील विद्यापीठांत शिक्षण घेतले. २०१०-११ साली फुलब्राइट शिष्यवृत्तीवर भारतात येऊन त्यांनी आपल्या लोकांच्या मुलाखती घेतल्या, छायाचित्रे काढली व त्यांवरून चित्रे रंगविली. त्यात चेहऱ्यांबरोबर माणसांच्या हकिगतीही राहिल्या.

आपल्या घरच्या जुन्या तसबिरी एकदा उलटून पाहाव्या. कित्येकींच्या मागे नावसुद्धा नाही, आणि ओळखणारी माणसे एकेक करून जात आहेत. हे काम शिकू इच्छिणारे मूल घरात असेल, तर त्याला अडविण्यापूर्वी त्या तसबिरी त्याच्यापुढे ठेवाव्या आणि आपल्याला आठवतात ती नावे त्याला सांगावी.