तांबे वाचले, जहाज अडले

लाकडी जहाजांचा तळ समुद्रकिडे पोखरत, म्हणून ब्रिटिश आरमार तळाला तांब्याचा पत्रा ठोके. खाऱ्या पाण्यात हा पत्राही झिजे. १८२३ साली हे गाऱ्हाणे हंफ्री डेव्हीकडे आले. त्याने तांब्याला लोखंडाचे किंवा जस्ताचे तुकडे जोडून पाहिले. तांब्याच्या शंभराव्या हिश्श्याएवढ्या क्षेत्रफळाचा तुकडाही पुरला! आजच्या भाषेत, इलेक्ट्रॉन देण्याचे काम तांब्याऐवजी जस्ताने पत्करले. १८२४ मध्ये रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचला गेला आणि जहाजांवर तुकडे बसले.

तांबे खरोखरच झिजेना. पण परतलेल्या जहाजांचे तळ शेवाळाने आणि शिंपल्यांनी भरलेले, वेग मंदावलेला. झिजताना पाण्यात उतरणारे तांबेच विषासारखे या जीवांना दूर ठेवत होते. डेव्हीचे रसायन बिनचूक होते, आणि नेमके तेच नडले. आरमाराने तुकडे काढायला लावले. टीका डेव्हीला फार लागली. १८२९ मध्ये तो वारला.

पुढे जहाजेच लोखंडी झाली, तेव्हा जस्ताचे तुकडे परत आले. १९२८ साली न्यू ऑर्लिन्सला रॉबर्ट कून याने याच तत्त्वावर, पण बाहेरून वीजप्रवाह देऊन, जमिनीखालची वायुवाहिनी गंजण्यापासून राखली. वर्गात दोन खिळे मिठाच्या पाण्यात ठेवावेत, एकाला जस्ताची पट्टी घट्ट बांधून. आठवड्याभरात फरक दिसतो.