नांदेड-लातूरमध्ये जुनी सरकारी नोंद शोधायची कशी?

जातीचा दाखला, वारस नोंद, शेताची हद्द, वडिलांची जन्मतारीख. यांपैकी काहीही सिद्ध करायचे झाले की कार्यालयातून पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा कागद मागितला जातो. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत असा कागद शोधताना एक वेगळी अडचण येते. तो कागद लिहिला गेला तेव्हा अनेक गावे दुसऱ्याच जिल्ह्यात होती. त्यांतल्या काही जिल्ह्यांची मुख्यालये आज दुसऱ्या राज्यात आहेत. कागदावरची भाषा, लिपी आणि सालही वेगळे असू शकते. त्यामुळे अनेकांचा शोध चुकीच्या कार्यालयात सुरू होतो आणि "नोंद आढळत नाही" या शेऱ्यावर थांबतो.

आपले गाव त्या वर्षी कोणत्या तालुक्यात आणि कोणत्या जिल्ह्यात होते, हे आधी ठरवले तर पुढचे बरेच हेलपाटे वाचतात.

जुन्या नोंदींना एवढे महत्त्व का?

जातीच्या दाखल्यासाठी कुटुंबाचे वास्तव्य ठरावीक तारखेपूर्वीपासून राज्याच्या हद्दीत असल्याचे दाखवावे लागते. या तारखा प्रवर्गानुसार वेगळ्या आहेत.

- अनुसूचित जाती : १० ऑगस्ट १९५०
- अनुसूचित जमाती : ६ सप्टेंबर १९५०
- विमुक्त जाती व भटक्या जमाती : २१ नोव्हेंबर १९६१
- इतर मागासवर्ग : १३ ऑक्टोबर १९६७

पहिल्या दोन तारखांना मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. शिवाय जातीचा दावा सिद्ध करण्याची जबाबदारी कायद्याने अर्जदारावरच आहे. म्हणजे आजोबा-पणजोबांच्या नावाचा कागद शोधणे हे अर्जदाराचेच काम ठरते.

हा प्रश्न किती मोठा आहे, हे सप्टेंबर २०२३ नंतर सगळ्या राज्याला दिसले. मराठवाड्यातील कुणबी नोंदी तपासण्यासाठी राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. महसूल, जन्म-मृत्यू, शिक्षण, पोलीस, कारागृह, नोंदणी अशा अनेक विभागांची जुनी दप्तरे उघडली गेली. समितीला कागदपत्रांसाठी हैदराबादलाही जावे लागले. पुढे २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटिअरच्या अंमलबजावणीचा शासन निर्णय निघाला.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. गॅझेटिअरमध्ये जिल्ह्याचे वर्णन आणि लोकसंख्येची माहिती असते. त्यात एखाद्या कुटुंबाचे नाव सापडत नाही. नाव सापडते ते गावपातळीच्या नोंदवह्यांत, खासरा पत्रकात, कोतवाल बुकात किंवा शाळेच्या रजिस्टरमध्ये.

गाव तेव्हा कोणत्या जिल्ह्यात होते?

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या संस्थानात होता. त्यानंतर तो हैदराबाद राज्यात राहिला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना होऊन मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. यातली सर्वांत महत्त्वाची तारीख १९५६ची आहे, कारण तेव्हा तालुकेच्या तालुके इकडून तिकडे गेले.

लातूर हा स्वतंत्र जिल्हा ऑगस्ट १९८२ मध्ये झाला. त्याआधीचे जिल्हा पातळीवरचे कागद उस्मानाबादच्या, म्हणजे आजच्या धाराशिवच्या नावाने आहेत. पण अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तीन तालुके १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होते. पुनर्रचनेत बिदर म्हैसूर राज्यात, आजच्या कर्नाटकात, गेले आणि हे तीन तालुके इकडे आले. लातूर आणि औसा मात्र उस्मानाबादकडेच होते. देवणी, जळकोट, चाकूर, शिरूर अनंतपाळ आणि रेणापूर हे तालुके नंतर झाले. त्यामुळे जुन्या कागदावर ही नावे तालुका म्हणून दिसणार नाहीत. देवणीतील गावाची १९५० मधली नोंद "तालुका उदगीर, जिल्हा बिदर" अशी शोधावी लागते.

नांदेड जिल्हा निजामकाळापासून आहे, तरी त्याच्या सीमा बदलल्या. किनवट तालुका आणि बोथ तालुक्यातील इस्लापूर मंडळ १९५६ मध्ये आदिलाबाद जिल्ह्यातून महाराष्ट्राच्या बाजूला आले. आज किनवटपासून वेगळा झालेला माहूर तालुकाही याच इतिहासात मोडतो. उलट देगलूर तालुक्यातील बिचकुंदा व जुक्कल ही मंडळे आणि मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैंसा व कुबेर ही मंडळे आंध्र प्रदेशात गेली. ती आता तेलंगणात आहेत. मुधोळ तालुक्याची उरलेली गावे नांदेडमध्येच राहिली. अशा गावांच्या जुन्या कागदावर आजही "मुधोळ" हेच तालुक्याचे नाव असते. लोहा हा तालुका कंधारमधून आणि नायगाव हा बिलोलीतून पुढे वेगळा झाला, हेही ध्यानात ठेवावे.

गावपातळीची दप्तरे सहसा तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. तालुका वेगळा झाला म्हणून प्रत्येक जुने दप्तर नव्या तहसिलीत गेलेच असेल असे नाही. नव्या तहसिलीत न सापडलेला कागद मूळ तालुक्याच्या अभिलेख कक्षात विचारावा. जिल्हा किंवा संस्थान पातळीवरच्या निजामकालीन कागदांसाठी हैदराबादेतील तारनाका येथील तेलंगण राज्य पुराभिलेखागार हे मुख्य ठिकाण आहे. महाराष्ट्राच्या पुराभिलेख संचालनालयाचे कार्यालय छत्रपती संभाजीनगरमध्येही आहे.

भाषा, लिपी आणि फसली साल

निजामकालीन सरकारी कामकाज उर्दूत चाले. गावच्या हिशेबात मराठी मजकूर मोडी लिपीतही आढळतो. त्यामुळे "नोंद नाही" या शेऱ्याचा अर्थ कधी कधी "नोंद वाचता आली नाही" असाही असू शकतो. मोडी वाचणाऱ्या लिप्यंतरकारांची माहिती पुराभिलेख संचालनालयाकडे मिळते. उर्दू कागदाचे भाषांतर करून घेताना ते कोणत्या स्वरूपात चालेल, हे ज्या कार्यालयात कागद द्यायचा आहे तिथेच आधी विचारावे.

कागदावर १३५० किंवा १३५७ असे साल दिसले तर ते बहुधा फसली असते. त्यात ५९० मिळवले की इसवी सन निघतो. हैदराबादेतील फसली वर्ष ऑक्टोबरमध्ये आजूर महिन्याने सुरू होई, म्हणून एक फसली वर्ष दोन इसवी वर्षांत विभागले जाते. फसली १३५७ म्हणजे ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८. अर्ज करताना दोन्ही साले लिहावीत.

कोणती नोंद कुठे मिळते?

*शेतजमीन.* आजचा सातबारा आणि आठ-अ महाभूलेख संकेतस्थळावर छत्रपती संभाजीनगर विभाग निवडून पाहता येतो. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा शुल्क भरून मिळतो आणि तो शासकीय कामासाठी चालतो. पण ऑनलाइन सातबारा आजची स्थिती दाखवतो. मागे जायचे असेल तर त्यावरचे फेरफार क्रमांक धरून जावे लागते. फेरफार म्हणजे गाव नमुना सहा. जमीन कोणाकडून कोणाकडे आणि कशी आली, वारसाने की खरेदीने, हे त्यात लिहिलेले असते. एका फेरफारावरून त्याआधीचा फेरफार असे करत गेले की हस्तलिखित सातबारा आणि त्याही मागे पाहणीपत्रकापर्यंत पोचता येते.

मराठवाड्यात या साखळीचे महत्त्वाचे टोक म्हणजे १९५४-५५ चे खासरा पत्रक. जमिनीचे वाद असोत की कुटुंबाचे वास्तव्य दाखवायचे असो, या पत्रकाचा उतारा वारंवार मागितला जातो. कुळाच्या जमिनीसाठी १९५० च्या हैदराबाद कूळ कायद्याखालची संरक्षित कुळांची नोंदवही पाहावी. इनामी जमिनीसाठी मुंतखब, म्हणजे इनामाबाबतचा आदेश, शोधावा लागतो.

सर्व्हे नंबर आणि गट नंबर यांत घोळ होऊ देऊ नये. ज्या गावांत एकत्रीकरण योजना झाली तिथे जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जुन्या-नव्या नंबरांचा मेळ घालणारे उतारे, तसेच टिपण, फाळणी आणि मोजणी नकाशे उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्या कार्यालयात मिळतात.

*शहरातील मालमत्ता.* नगर भूमापन झालेल्या भागात मालकीसाठी सातबारा नव्हे, तर मालमत्ता पत्रक पाहावे. ते भूमी अभिलेख विभागाकडे असते. महानगरपालिकेची कर पावती ही कर भरल्याची नोंद आहे, तिने मालकी सिद्ध होत नाही. खरेदीखत, बक्षीसपत्र यांच्या नोंदी दुय्यम निबंधक कार्यालयात असतात. संगणकीकरणानंतरचे दस्त नोंदणी विभागाच्या ई-सर्च सेवेत शोधता येतात. त्याआधीच्या दस्तासाठी कार्यालयात शोध अर्ज करावा लागतो.

*जन्म-मृत्यू.* घटना जिथे घडली तिथेच तिची नोंद होते, कुटुंब राहते तिथे नाही. मुखेडच्या कुटुंबातील मूल नांदेड शहरातील दवाखान्यात जन्मले असेल तर नोंद नांदेड-वाघाळा महानगरपालिकेकडे शोधावी. ही महानगरपालिका १९९७ मध्ये आणि लातूरची २०११ मध्ये झाली. त्याआधीची नोंद तत्कालीन नगरपालिकेच्या नावाने असते. शहरात नंतर आलेल्या भागासाठी तिथल्या जुन्या ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या वह्या पाहाव्या लागतात. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा महाराष्ट्रात १९७० पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या गावपातळीच्या नोंदी गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात त्यात, तहसील कार्यालयात सापडतात.

*शाळा.* प्रवेश-निर्गम उतारा शाळेच्या जनरल रजिस्टरवरून मिळतो. त्यात जन्मतारीख, जात आणि जन्मगाव असल्याने एका उताऱ्यात अनेक प्रश्न सुटतात. शाळा बंद झाली किंवा दुसऱ्या शाळेत विलीन झाली असेल तर रजिस्टर कोणाकडे गेले, हे पंचायत समितीच्या शिक्षण विभागात विचारावे.

नक्कल अर्ज की माहिती अधिकार?

नोंद कुठे आहे हे माहीत असेल तर साधा नक्कल अर्ज हा जवळचा मार्ग. अर्जावर शिक्का घेऊन पोच ठेवावी. नोंद नेमकी कोणत्या वहीत आहे हे माहीत नसेल, तर आधी पाहणी करणे चांगले. राज्य सरकारच्या २६ नोव्हेंबर २०१८ च्या निर्णयानुसार जिल्हा पातळीवरील कार्यालये आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात. सोमवारी सुट्टी असल्यास पुढच्या कामाच्या दिवशी ही सोय असते.

उत्तरच मिळत नसेल तर माहिती अधिकार कायदा, २००५ वापरावा. अर्जाचे शुल्क १० रुपये आहे आणि दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला ते माफ आहे. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि सर्वसाधारणपणे १५० शब्दांत असावा लागतो. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर ३० दिवसांत पहिले अपील त्याच कार्यालयाच्या अपिलीय अधिकाऱ्याकडे करावे. त्यानंतर ९० दिवसांत दुसरे अपील राज्य माहिती आयोगाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडे करता येते. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तरी तो पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवणे त्या अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे.

अर्ज जितका नेमका, तितके "माहिती उपलब्ध नाही" असे मोघम उत्तर देणे अवघड होते. मजकूर असा ठेवता येईल :

"मौजे (गावाचे नाव), आजचा तालुका देवणी, जिल्हा लातूर, पूर्वीचा तालुका उदगीर, जिल्हा बिदर. या गावाच्या सन १९५४-५५ च्या खासरा पत्रकातील सर्व्हे नंबर (क्रमांक) ची प्रमाणित प्रत मिळावी. तसेच या वर्षाचे पत्रक ज्या गठ्ठ्यात आहे, त्या गठ्ठ्याच्या यादीची प्रत मिळावी."

शेवटची ओळ मुद्दाम आहे. यादीत दप्तराचे नाव असेल तर ते कार्यालयात आलेले होते, हे कागदावर येते.

"रेकॉर्ड गहाळ आहे" असे उत्तर आले तर

माहिती कोणत्या कारणांनी नाकारता येते, हे माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८ आणि ९ मध्ये दिले आहे. "गहाळ" हे कारण त्यांत नाही. पहिल्या अपिलात तीन गोष्टी मागाव्यात : दप्तराचा शोध कोणी आणि कधी घेतला, ते शेवटचे कोणाच्या ताब्यात होते, आणि ते नष्ट केले असल्यास त्याचा आदेश. नियम डावलून अभिलेख नष्ट करणे हा महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ नुसार गुन्हा आहे. त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात.

दप्तर खरोखरच जळालेले, भिजलेले किंवा वाळवीने खाल्लेले असेल तर तसे लेखी पत्र घ्यावे. ते पत्र दाव्याचा पुरावा होत नाही, पण अर्जदाराने शोध घेतला होता हे त्यातून दिसते. मग दुसरी वाट धरावी. वडिलांकडच्या रक्तनात्यातील चुलते, आत्या, चुलत आजोबा यांचे शाळेचे उतारे, जमिनीचे कागद आणि जात वैधता प्रमाणपत्र शोधावे. एका घराचा कागद गेला तरी भाऊबंदांपैकी कोणाचा तरी उरलेला असतो. मात्र वंशावळीतील नाते सलग जुळायला हवे.

कोणतीही नक्कल हातात पडली की तिच्यावर वहीचे नाव, वर्ष, पान क्रमांक, शिक्का आणि तारीख आहे ना, हे कार्यालयातून निघण्यापूर्वीच पाहून घ्यावे. पडताळणी समितीला मूळ वही तपासायची झाली तर तिला याच तपशिलावरून ती सापडते.